होली ट्रिनिटी भित्तिचित्रे

होली ट्रिनिटी भित्तिचित्रे : हैती प्रजासत्ताकाची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स येथील एपिस्कोपल पंथाच्या होली ट्रिनिटी कॅथीड्रलमध्ये १९५०–५१ मध्ये स्थानिक चित्रकारांनी रंगविलेली चौदा भित्तिचित्रे. कॅथीड्रलचे फ्रेंच नाव ‘सेंत त्रिनिते’ असे आहे. ख्रिस्ती मिशनकार्याच्या इतिहासात आणि विसाव्या शतकातील कॅरिबियन कलेतही या चित्रांना महत्त्वाचे स्थान आहे. बायबलमधील प्रसंग हैतीच्या डोंगरांत, गल्ल्यांत व नदीकाठी घडत आहेत आणि त्यांतील माणसे हैतीचीच कृष्णवर्णी माणसे आहेत, अशी कल्पना एका प्रमुख चर्चच्या थेट वेदीमागील भिंतीवर येथे प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर साकार झाली. १२ जानेवारी २०१० रोजी झालेल्या भूकंपात कॅथीड्रल कोसळले व चौदांपैकी केवळ तीन चित्रे वाचली.

मिशन आणि भिंत : धर्मप्रसारासाठी भिंत रंगविण्याची प्रथा ख्रिस्ती धर्मात जुनी आहे. निरक्षर भाविकांना ग्रंथाच्या ठिकाणी चित्र उपयोगी पडते, हा विचार मध्ययुगापासून यूरोपात रूढ होता. सोळाव्या शतकात स्पॅनिश मिशनरी मेक्सिकोत आले, तेव्हा तो त्यांनी सोबत आणला. फ्रान्सिस्कन संन्याशांची पहिली तुकडी १५२४ मध्ये, डॉमिनिकन १५२६ मध्ये व ऑगस्टिनियन १५३३ मध्ये तेथे पोहोचले. त्यांनी बांधलेल्या मठांच्या ओवऱ्या व उघडी प्रार्थनागृहे चित्रांनी भरून गेली. चित्रे रंगविणारे हात मात्र बव्हंशी स्थानिक होते. स्पॅनिश आक्रमणापूर्वीपासून चित्रलिपीतील पोथ्या लिहिणाऱ्या ‘त्लाकुइलो’ नावाच्या कारागीर वर्गातून हे चित्रकार आले. नमुने यूरोपीय छापील पुस्तकांतील, विषय संन्याशांनी नेमून दिलेले आणि हात स्थानिक, अशी ही विभागणी होती. मालिनाल्को येथील मठाच्या ओवरीत स्वर्गीय उद्यान रंगविताना या कारागिरांनी देशी वनस्पती व प्राणी त्यात आणले, तर ईश्मिकिल्पान येथील चर्चच्या भिंतींवर देशी शस्त्रे व वेश धारण केलेले योद्धे लढताना दिसतात. भिंत कोणाची, विषय कोणाचा आणि रूप कोणी ठरवावयाचे, हा मिशन-भित्तिचित्रांचा मूळ प्रश्न तेव्हापासूनचा आहे. होली ट्रिनिटीच्या चित्रांचे वेगळेपण त्यांनी या प्रश्नाला दिलेल्या उत्तरात आहे आणि ते समजण्यासाठी हैतीची धार्मिक स्थिती ध्यानात घ्यावी लागते.

पार्श्वभूमी : हैती ही मूळची सँ दोमँग नावाची फ्रेंच वसाहत. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर तेथील उसाचे व कॉफीचे मळे चालत. १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला आणि दीर्घ युद्धानंतर १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामांच्या यशस्वी बंडातून निर्माण झालेले हे जगातील एकमेव राष्ट्र होय. पुढे १८६० मध्ये हैतीच्या शासनाने व्हॅटिकनशी करार केला. त्यानुसार कॅथलिक धर्माला अधिकृत मान्यता मिळाली व फ्रान्समधून, विशेषतः ब्रिटनी प्रांतातून, धर्मगुरू येऊ लागले. शाळा व चर्च यांची भाषा फ्रेंच होती. बहुसंख्य शेतकरी क्रेओल बोलत आणि त्यांपैकी फारच थोड्यांना लिहितावाचता येई.

या शेतकऱ्यांचा प्रत्यक्ष जगण्यातला धर्म व्हूडू हा होता. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील फॉन, योरुबा, काँगो इ. लोकांच्या श्रद्धा आणि कॅथलिक आचार यांच्या मिश्रणातून तो घडला. चित्रपटांनी व सवंग कादंबऱ्यांनी जारणमारणाची विद्या म्हणून त्याची जी प्रतिमा जगभर पसरविली, तिचा वस्तुस्थितीशी फारसा संबंध नाही. व्हूडूत ‘ल्वा’ नावाच्या देवतांची उपासना होते व प्रत्येक ल्वाला एखाद्या कॅथलिक संताची छबी जोडलेली असते. सर्परूपी दांबाला या देवतेसाठी सेंट पॅट्रिकचे, तर प्रेमदेवता एझिलीसाठी शोकाकुल मरीयेचे चित्र वापरले जाते. उपासनेच्या वेळी जमिनीवर मक्याच्या पिठाने आपल्याकडील रांगोळीसारखी चिन्हे चिमटीने रेखाटतात, त्यांना ‘व्हेव्हे’ म्हणतात. व्हूडू मंदिरांच्या भिंतीही रंगविलेल्या असतात. म्हणजे चित्राने भरलेली भिंत आणि तिच्यासमोर उभे राहून केलेली प्रार्थना या दोन्ही गोष्टी सामान्य हैतियन माणसाला परक्या नव्हत्या. चर्चची भिंत मात्र त्याला परकी होती. तेथील छापील चित्रांतले व पुतळ्यांतले संत गोऱ्या वर्णाचे होते.

१९४१–४२ मध्ये कॅथलिक चर्चने शासनाच्या पाठबळावर ‘अंधश्रद्धाविरोधी मोहीम’ चालविली. तीत व्हूडू मंदिरांतील ढोल, मूर्ती व पूजासाहित्य जाळण्यात आले, पवित्र मानलेली झाडे तोडण्यात आली आणि व्हूडूचा त्याग केल्याची शपथ लोकांकडून वदवून घेण्यात आली. वारसा नष्ट होत असल्याचे पाहून लेखक झाक रूमँ याच्या पुढाकाराने १९४१ मध्ये मानवजातिवर्णनाचे शासकीय कार्यालय स्थापन झाले व काही वस्तू तेथे वाचल्या. लोकविरोध वाढल्यावर मोहीम थांबली. ढोल जाळण्याच्या या आठवणींना दहा वर्षेही झाली नव्हती, तोच त्याच शहरातील दुसऱ्या एका चर्चने सामान्य चित्रकारांना आपली वेदी रंगविण्यासाठी बोलाविले. या चित्रांविषयी पुढे उठलेल्या वादळाचे कारण या क्रमात सापडते.

एपिस्कोपल मिशन : हैतीतील एपिस्कोपल चर्चचा उगमही सर्वसाधारण मिशनांपेक्षा वेगळा आहे. जेम्स थिओडोर हॉली (१८२९–१९११) हा अमेरिकेतील स्वतंत्र कृष्णवर्णी कुटुंबात जन्मलेला धर्मगुरू. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना सन्मानाने जगता येणार नाही, अशी खात्री झाल्याने १८६१ मध्ये सुमारे शंभर अनुयायांसह तो हैतीत स्थलांतरित झाला. पहिल्याच वर्षात रोगराईने यांतील बरेच लोक मरण पावले. मृतांत हॉलीची आई, पत्नी व मुले यांचा समावेश होता. तरीही तो तेथेच राहिला. १८७४ मध्ये त्याला बिशपपदाची दीक्षा मिळाली. अमेरिकन एपिस्कोपल परंपरेतील तो पहिला कृष्णवर्णी बिशप होय. त्याच्या मृत्यूनंतर, १९१३ मध्ये, हे स्वायत्त चर्च अमेरिकन एपिस्कोपल चर्चचे मिशनक्षेत्र बनले आणि त्याचे बिशप अमेरिकेतून येऊ लागले. याच सुमारास, १९१५ ते १९३४ या काळात, हैती अमेरिकन सैन्याच्या ताब्यात होता. त्यामुळे अमेरिकन बिशपच्या हेतूंविषयी हैतियन सुशिक्षितांच्या मनात शंका असणे स्वाभाविक होते.

१९४३ मध्ये चार्ल्स आल्फ्रेड व्होगेली हा बिशप झाला. चर्च लहान होते. कॅथलिक चर्चसारखे राजकीय वजन त्याच्यापाशी नव्हते आणि तसे ओझेही नव्हते. कॅथीड्रलची १९२० च्या दशकात उभारलेली इमारत साधी, आतून पांढऱ्या भिंतींची होती.

सांत्र दार : चित्रकारांची फळी तयार झाली ती चर्चबाहेर. डिविट पीटर्स हा अमेरिकन जलरंगचित्रकार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, इंग्रजीचा शिक्षक म्हणून हैतीत आला. १४ मे १९४४ रोजी त्याने हैतियन लेखक-कलावंतांच्या साहाय्याने पोर्ट-ओ-प्रिन्स येथे ‘सांत्र दार’ हे कलाकेंद्र सुरू केले. औपचारिक शिक्षण नसलेले अनेक चित्रकार तेथे येऊ लागले. मोंरुई या गावातील एका पानगृहाच्या रंगविलेल्या दारांवरून पीटर्सला एक्तॉर इपोलित (१८९४–१९४८) या व्हूडू पुरोहिताचा शोध लागला. १९४५ च्या अखेरीस अतिवास्तववादी फ्रेंच कवी आंद्रे ब्रताँ हैतीत आला, त्याने इपोलितची चित्रे विकत घेतली आणि हैतियन चित्रकलेचा बोलबाला यूरोपात झाला. १९४७ मध्ये सेल्डन रॉडमन (१९०९–२००२) हा अमेरिकन कवी केंद्राचा सहसंचालक झाला. मेक्सिकोतील आधुनिक भित्तिचित्र-चळवळीचे त्याला आकर्षण होते. हैतीतही अशी सार्वजनिक भिंत असावी, हा ध्यास त्याने घेतला. त्याने बिशप व्होगेलीकडे कॅथीड्रलच्या भिंती मागितल्या व बिशपने त्या दिल्या. इपोलित मात्र तोवर मरण पावला होता.

बिशपचा हा होकार हीच संपूर्ण घटनेतील निर्णायक गोष्ट म्हणावी लागेल. चित्रांचे विषय बायबलमधील असावयाचे, परंतु त्यांना रूप कोणते द्यावयाचे हे चित्रकारांनी ठरवावयाचे होते. यूरोपीय नमुन्यांची सक्ती नव्हती. चित्रकाराने एपिस्कोपल पंथाचे सदस्य असावे, अशीही अट नव्हती. फिलोमे ओबँ (१८९२–१९८६) प्रॉटेस्टंट होता, कास्तेरा बाझील (१९२३–६६) कॅथलिक आणि रिगो बन्वा (१९११–८६) हा इपोलितचा जावई. बाझीलने प्रारंभी पीटर्सच्या घरी गडी म्हणून काम केले होते, तर बन्वा मोटार हाकीत असे. समाजाच्या ज्या थरातून ही माणसे आली, त्या थराला कॅथीड्रलच्या वेदीपाशी एरवी झाडलोट करण्यापलीकडे काम मिळाले नसते.

तंत्र : हे चित्रकार पुठ्ठ्यावर किंवा फळीवर, हाती येईल त्या रंगाने चित्रे काढीत. भिंतीचे तंत्र त्यांना ठाऊक नव्हते. ते विल्यम कॅल्फी या अमेरिकन चित्रकाराने शिकविले. ओल्या गिलाव्यावरील अस्सल ‘फ्रेस्को’ न वापरता ‘एग टेंपेरा’ ही पद्धती स्वीकारण्यात आली. तीत रंगद्रव्याच्या पुडीत पाणी व अंड्याचा बलक मिसळून रंग तयार करतात. बलकामुळे रंग भिंतीला धरून राहतो. हा रंग लावताक्षणी वाळू लागतो, त्यामुळे तेलरंगाप्रमाणे एका छटेत दुसरी छटा मुरविता येत नाही. बारीक रेषा शेजारी शेजारी ओढून किंवा पातळ थरांवर थर देऊन छाया-प्रकाश साधावा लागतो. काटेकोर बाह्यरेषा, सपाट रंगक्षेत्रे आणि तपशिलांची दाटी हे हैतियन चित्रकारांच्या शैलीतील गुण या माध्यमाला मानवले. टेंपेराचे वैगुण्य असे, की पाण्याने त्याला हानी पोहोचते. छप्पर शाबूत असेतोवर याची चिंता नव्हती.

वेदीमागील चित्रे : प्रथम, १९५० मध्ये, वेदीमागील अर्धवर्तुळाकार भाग रंगविण्यात आला. तेथील तीन प्रमुख चित्रांत येशूचा जन्म बन्वाने, क्रूसावरील मृत्यू ओबँने व स्वर्गारोहण बाझीलने चितारले. त्यांच्यावरील भागात गाब्रिएल लेव्हेकने देवदूत रंगविले. मध्यभागी ओबँचे चित्र होते. ओबँ हा काप-आईस्यँ या उत्तरेकडील बंदराचा रहिवासी. त्या शहरातील रस्ते, घरांच्या सरळ रांगा आणि इतिहासातील प्रसंग हे त्याचे नेहमीचे विषय. त्याची रेषा कोरडी व मोजकी असे आणि भावना ओसंडू न देण्याकडे त्याचा कल असे. क्रूसाच्या वर त्याने ईश्वराचा किरणांकित नेत्र दाखविला होता.

ओबँच्या दुसऱ्या एका चित्राची येथे दखल घेणे आवश्यक आहे. अमेरिकन ताब्याविरुद्ध लढणारा बंडखोर नेता शार्लमाय्न पेराल्त याला १९१९ मध्ये ठार मारण्यात आले. त्याचा मृतदेह दाराच्या फळीला बांधून घेतलेले छायाचित्र अमेरिकन सैन्याने दहशत बसावी म्हणून वाटले. झाले उलटेच. हैतियन लोकांना त्यात क्रूसावरील येशू दिसला. ओबँने हा प्रसंग ‘शार्लमाय्न पेराल्तचे क्रूसारोहण’ या विषयावर चित्रे काढून अमर केला. कॅथीड्रलमधील येशू हा पेराल्त आहे, असे अर्थातच म्हणता येणार नाही. परंतु त्या वेदीसमोर गुडघे टेकणाऱ्या हैतियन भाविकाच्या मनात क्रूस या शब्दाबरोबर कोणती स्मृती जागी होत असेल, हे समजण्यास ती गोष्ट उपयोगी पडते.

प्रतिक्रिया : ही चित्रे खुली होताच शहरातील उच्चभ्रू वर्गात व खुद्द चर्चच्या काही सदस्यांतही नाराजी पसरली. आक्षेप दोन प्रकारचे होते. अशिक्षित हातांची ओबडधोबड चित्रे पवित्र स्थळी शोभत नाहीत, हा पहिला. दुसरा सहसा मोठ्याने बोलला जात नसे, पण अधिक खोल होता. फ्रेंच भाषा, फ्रेंच शिष्टाचार आणि उजळ वर्ण यांवर प्रतिष्ठा मोजणाऱ्या समाजात शेतकऱ्यांचे चेहरे वेदीवर येणे हा सामाजिक उच्चनीचतेला दिलेला धक्का होता. मरीया ही बाजारात भाजी विकणाऱ्या बाईसारखी दिसते, अशा स्वरूपाच्या तक्रारीत चित्रकलेपेक्षा समाजरचनेविषयीच अधिक सांगितलेले असते. बिशपने माघार घेतली नाही. उलट पुढील वर्षी कॅथीड्रलच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या दालनांच्या भिंतीही चित्रकारांच्या हवाली केल्या.

आडव्या दालनांतील चित्रे : १९५१ मधील ही चित्रे अधिक मोकळी आहेत. वेदीमागील चित्रांत प्रसंगाच्या गांभीर्यामुळे आलेला संकोच येथे नाही. विल्सन बिगो याने काना गावच्या लग्नाचा प्रसंग रंगविला, तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. योहानच्या शुभवर्तमानानुसार या लग्नात द्राक्षारस संपला आणि येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. बिगोने चमत्काराला चित्रात एक कोपरा दिला आणि उरलेली विस्तीर्ण भिंत लग्नाला दिली. हैतीतील खेड्याची गजबज, वाद्ये वाजविणारे, पाहुण्यांची लगबग, दाट हिरवी झाडी आणि या सर्वांवर पसरलेला सोनेरी पिवळा उजेड यांमुळे हे चित्र समूहातील सर्वोत्कृष्ट मानले जाते. ज्या चर्चमध्ये गाणेबजावणे व नाच यांकडे संशयाने पाहण्याची सवय होती, तेथे वाजतगाजत चाललेले गावचे लग्न भिंतीवर आले. त्याला आधार खुद्द शुभवर्तमानाचा असल्यामुळे आक्षेप घेणाऱ्यांची पंचाईत झाली.

प्रेफेत द्यूफो (१९२३–२०१२) हा दक्षिणेकडील झाकमेल बंदराजवळचा. त्याच्या चित्रांत डोंगरांना वेढे घालीत वर चढणारे नागमोडी रस्ते, त्यांवर मुंगीएवढी माणसे आणि खाली निळा समुद्र असे काल्पनिक नगर पुन्हा पुन्हा येते. सैतान येशूला उंच डोंगरावर नेऊन जगातील राज्ये दाखवितो, हा मोहाचा प्रसंग जणू त्याच्यासाठीच होता. त्याचेच दुसरे चित्र रस्त्यातील हैतियन मिरवणुकीचे आहे. त्याचा विषय बायबलमधील नाही. सामान्य माणसांची धार्मिक मिरवणूक शुभवर्तमानातील प्रसंगांच्या पंक्तीला येऊन बसली आहे आणि मिशन-भित्तिचित्रांच्या दृष्टीने ती कदाचित सर्वांत धीट गोष्ट होय.

बाझीलने येशूचा बाप्तिस्मा आणि मंदिरातून सराफांना हुसकावून लावण्याचा प्रसंग रंगविले. बाप्तिस्म्याच्या चित्रातील यार्देन ही हैतीतील एखादी नदी आहे आणि तिच्या काठी बायका कपडे धूत आहेत. भक्तीचा प्रसंग आणि रोजचे काम यांच्यात या चित्रकाराला कोठेही सीमारेषा ओढावीशी वाटलेली नाही. ओबँने प्रभूचे अखेरचे भोजन रेखीव, जवळजवळ इमारतीच्या आराखड्यासारख्या शिस्तीने मांडले. ॲडम लिऑन्टस याने मरीयेला मिळालेला देवदूताचा संदेश रंगविला. गायकवृंदाच्या जागेसाठी भाजलेल्या मातीची जाळीदार भिंत जास्मँ जोसेफ या शिल्पकाराने घडविली. चौदा चित्रांचा दर्जा अर्थातच सारखा नव्हता. काही ठिकाणी लहान फळीवर सफाईने काम करणारा हात मोठ्या भिंतीवर अवघडलेला दिसे.

मूल्यमापन : या चित्रांविषयी दोन गैरसमज दीर्घकाळ प्रचलित आहेत. ‘चर्चमधील व्हूडू’ असे त्यांचे वर्णन पर्यटकांसाठी लिहिलेल्या मजकुरात वारंवार येते. ते चुकीचे आहे. चित्रांचे विषय ख्रिस्ती आहेत आणि त्यांचे अनेक कर्ते श्रद्धेने ख्रिस्ती होते. हैतियन माणूस दिसला की व्हूडू दिसलाच, या समजुतीचा तो परिणाम आहे. दुसरा गैरसमज ‘आदिम’ किंवा ‘भाबडी कला’ या शब्दांनी पसरविला. पीटर्स व रॉडमन यांनी तो पुष्कळ अंशी जोपासला आणि तो बाजारात चाललाही. त्याविरुद्धचा संताप हैतीतच प्रकट झाला. कलाकेंद्रात शिक्षित, आधुनिक वळणाच्या चित्रकारांची उपेक्षा होते, असे वाटल्याने त्यांतील काहींनी १९५० मध्ये बाहेर पडून ‘फ्वाये देझार प्लास्तिक’ ही वेगळी संस्था काढली. ज्या वर्षी वेदी रंगली त्याच वर्षी ही फूट पडली, हा निव्वळ योगायोग नव्हे.

यातून निघणारा प्रश्न टाळता येत नाही. कल्पना अमेरिकन कवीची, भिंत अमेरिकन बिशपची आणि तंत्र शिकविणारा अमेरिकन चित्रकार. मग ही चित्रे हैतियन समाजाची कशी? मेक्सिकोतील मठांशी तुलना केल्यास याचे उत्तर काही प्रमाणात मिळते. तेथे कारागिराने आपले जग चित्रात आणले ते नेमून दिलेल्या नमुन्याच्या कडेकडेने, झाडाच्या पानांत व पक्ष्यांच्या पिसांत. होली ट्रिनिटीत ते मध्यभागी, येशूच्या व मरीयेच्या चेहऱ्यांत आले. चित्रकारांनी सह्या केल्या, त्यांची नावे राहिली. मात्र निवड कोणाची करावयाची हे परक्यांच्या हाती राहिले, ही मर्यादाही तितकीच खरी आहे.

असे प्रयोग इतरत्रही झाले. दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, बुलावायोजवळील सायरीन मिशनमध्ये एडवर्ड पॅटरसन या अँग्लिकन धर्मगुरूच्या मार्गदर्शनाखाली १९४० च्या दशकात शाळेतील आफ्रिकन विद्यार्थ्यांनी प्रार्थनागृहाच्या भिंती रंगविल्या व त्यांतही बायबलमधील व्यक्ती आफ्रिकन आहेत. भारतात गोव्यात जन्मलेला आंजेलो द फोन्सेका (१९०२–६७) हा शांतिनिकेतनात शिकलेला चित्रकार पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात दीर्घकाळ राहिला. त्याचे काम मुख्यत्वे कागदावरील असले, तरी साडी नेसलेल्या मरीयेमुळे गोव्यातील कॅथलिक समाजात त्याला पोर्ट-ओ-प्रिन्समधील चित्रकारांसारखाच रोष पत्करावा लागला. [⟶ भित्तिचित्रण].

नंतरचा इतिहास : १९५० च्या दशकात कॅथीड्रल हे हैतीतील प्रमुख प्रेक्षणीय स्थळ बनले आणि सुरुवातीचा विरोध बराच मावळला. ज्यांना ही चित्रे लाजिरवाणी वाटली होती, तेच पुढे पाहुण्यांना ती दाखवू लागले. १९५७ मध्ये फ्रान्स्वा द्यूव्हाल्ये सत्तेवर आला. त्याच्या हुकूमशाहीत परदेशी धर्मगुरूंवर संकट ओढवले व १९६४ मध्ये बिशप व्होगेलीची हैतीतून हकालपट्टी झाली. १९७१ मध्ये ल्यूक गार्निये हा हैतीत जन्मलेला पहिला बिशप त्याच्या जागी आला. चित्रे ज्या काळात रंगली त्यानंतर वीस वर्षांनी चर्चचे नेतृत्वही स्थानिकांकडे आले. कॅथीड्रलच्या आवारातील संगीतशाळा व तिचा वाद्यवृंद यांनीही याच काळात नाव मिळविले.

१२ जानेवारी २०१० रोजी दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी ७·० प्रतीच्या भूकंपाने पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त केले. मृतांच्या संख्येचे अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत भिन्न आहेत. कॅथीड्रलचे छत व बहुतेक भिंती कोसळल्या. वेदीमागील सर्व चित्रे, तसेच बिगोचे काना येथील लग्न नष्ट झाले. बिगो त्यानंतर दोनच महिन्यांनी मरण पावला. सांत्र दारची इमारतही पडली. बाझीलचा बाप्तिस्मा, ओबँचे अखेरचे भोजन व द्यूफोची मिरवणूक ही तीन चित्रे आडव्या दालनांच्या उभ्या राहिलेल्या भिंतींवर, तडे गेलेल्या अवस्थेत आणि उघड्या आभाळाखाली उरली.

लाखो लोक तंबूत असताना चित्रांकडे लक्ष द्यावे काय, असा प्रश्न त्या वेळी विचारला गेला आणि तो रास्त होता. चर्चच्या संमतीने अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेने हैतियन संस्थांच्या सहकार्याने सांस्कृतिक पुनर्रक्षणाचा प्रकल्प हाती घेतला. तीत या तीन चित्रांना अग्रक्रम देण्यात आला. पावसापासून बचावासाठी प्रथम तात्पुरते आच्छादन उभारले. त्यानंतर चित्रपृष्ठावर संरक्षक थर चिकटवून, चित्रे विभागून, मागील गिलाव्यासह तुकड्यातुकड्यांनी भिंतीवरून उतरविण्यात आली. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालून जागेची नोंद ठेवली. भूकंपाच्या धक्क्यांची पुनरावृत्ती होत असताना, अर्धवट उभ्या भिंतींखाली हे काम करावे लागले. हैतियन तंत्रज्ञांना या निमित्ताने जतनकार्याचे प्रशिक्षण मिळाले. उतरविलेले तुकडे नव्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा बसविण्याच्या हेतूने पेट्यांत ठेवण्यात आले. त्या मधल्या काळात भाविक पडक्या इमारतीशेजारी उभारलेल्या उघड्या मांडवात उपासनेसाठी जमू लागले.